गामा आणि गणपतराव : एक न झालेली कुस्ती



जे दोन वीर एका काळांत जन्मले नाहींत त्यांची गांठ घालून पाहण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वांत व्यासांनींच ती पुरवून घेतली. द्वापरयुगांतला भीम सुगंधी कमळें आणावयास निघाला असतां त्रेतायुगांतला मारुति वाटेंत शेपूट पसरून पडला होता, आणि तें शेपूट भीमाला तसूभरहि हलवितां आलें नाहीं. शाळेंत ही कथा मीं सांगितली कीं वर्गांतला एखादा तरी मुलगा विचारीत असे, "पण गुरुजी, मारुतीनें शेपूट न पसरतां उभें राहून कुस्ती धरली असती, तर?" मुलगा हुशार खरा. त्याला कथेचें तात्पर्य नको होतें. त्याला झुंजीच्या अटी ठाऊक करून घ्यावयाच्या होत्या. आज मला जें बोलावयाचें आहे, तें या अटींविषयींच.

अमेरिकेंत हा खेळ एकदां रेडिओवरच मोठ्या थाटानें खेळला गेला. १९६७ सालीं मरे वोरोनर नांवाच्या एका निर्मात्यानें निरनिराळ्या काळांतले सोळा मुष्टियोद्धे निवडले. त्यांच्या बळाची, चपळाईची, मार सोसण्याच्या शक्तीची आंकडेवारी एका संगणकयंत्रास पुरविली. आणि यंत्रानें दिलेल्या निकालावरून प्रत्येक सामन्याचें वर्णन, जणूं तो डोळ्यांसमोर चालला आहे अशा आवेशानें, श्रोत्यांना ऐकविलें. अखेरचा सामना रॉकी मार्सियानोनें जॅक डेम्प्सीविरुद्ध जिंकला. मुहम्मद अली त्या वेळीं तरुण आणि अजिंक्य. परंतु यंत्रानें त्याला जुन्या काळच्या जिम जेफ्रीजकडून हरविलें. अलीनें निर्मात्यावर सरळ फिर्याद लावली! तडजोड झाली ती अशी कीं, त्यानें मार्सियानोबरोबर कॅमेऱ्यापुढें एक लुटूपुटीचा सामना खेळावा. १९६९ सालीं तोहि झाला. मार्सियानो तेव्हां पंचेचाळीस वर्षांचा, निवृत्त होऊन तेरा वर्षें झालेला. विरळ झालेल्या डोक्यावर केसांचा टोप चढवून तो उभा राहिला. शेवट निरनिराळे चित्रित करून ठेवले होते. त्यांपैकीं कोणता खरा धरावयाचा हें यंत्र सांगणार. १९७० च्या जानेवारींत अमेरिकेंतल्या प्रेक्षकांनीं पाहिलें तें असें कीं, तेराव्या फेरींत मार्सियानोनें अलीला लोळविलें. खुद्द मार्सियानोला हा विजय पाहावयास मिळाला नाहीं. आदल्या ऑगस्टच्या अखेरीस विमानअपघातांत तो मरण पावला होता. युरोपांत दाखविलेल्या प्रतींत मात्र अलीच जिंकला, असें म्हणतात.

या यंत्राला मी हंसत नाहीं. परंतु जेफ्रीजच्या काळीं अजिंक्यपदाचे सामने पंचवीस-पंचवीस फेऱ्यांचे होत आणि अलीच्या काळीं पंधरा फेऱ्यांचे, हें लक्षांत घेतलें म्हणजे कल्पनेंतल्या सामन्यांत घंटा कितव्या फेरीनंतर वाजवावयाची, हा प्रश्न आधीं सोडविला पाहिजे. तो ज्यानें सोडविला त्यानें निम्मा निकाल तेथेंच देऊन टाकला. यंत्र बिचारें उरलेला निम्मा देतें.

आमच्या बोईसरांत हा वाद मुष्टियुद्धाचा नव्हे, कुस्तीचा. १९६९ सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें, पुढें बोईसरलगत कारखान्यांची वसाहत वाढली, आणि भातखाचरांच्या व ताडामाडांच्या या मुलखांत देशाच्या चारी दिशांचीं माणसें पोटासाठीं आलीं. कुस्ती ही आमच्या किनाऱ्याची मूळची विद्या नव्हे. मांगेल्यांचें आणि कोळ्यांचें बळ वल्ह्यांत व जाळ्यांत, वारल्यांचें बळ डोंगरांत. कुस्तीचें वेड आमच्याकडे आलें तें घाटावरच्या आणि उत्तरेकडच्या कामगारांच्या वळकटींतून. असे दोन कामगार माझ्या परिचयाचे आहेत. एक कागलकडचा, दुसरा काशीकडचा. अकरा वर्षें एका खोलींत राहिले, एका शेगडीवर जेवले. एके संध्याकाळीं पाळी सुटल्यावर स्थानकाबाहेरच्या चहाच्या दुकानीं गोष्ट निघाली कीं, गामा आणि आपले गणपतराव आंदळकर हे ऐन उमेदींत समोरासमोर आले असते तर जिंकलें कोण असतें? काशीकर म्हणाला, "गामाला कोण हरविणार?" कागलकर म्हणाला, "गणपतरावांनीं गामाला आस्मान दाखविलें असतें." एवढ्यावर राहतें तर ठीक होतें. शेजारीं बसलेला एक पोरगेला गडी मध्येंच बोलला, "गामा तर पाकिस्तानांत गेला. त्याचें कौतुक आपल्याला कशाला?" तेथून बोलण्याला भलतेंच वळण लागलें. "तुमचे" आणि "आमचे" असे शब्द निघाले. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलींत दोन शेगड्या झाल्या. मी म्हातारा शाळामास्तर. निवाडा द्यावयास दोघेहि निरनिराळ्या वेळीं माझ्याकडे येऊन गेले. दोघांनाहि मीं सांगितलें कीं, मी रेडिओवर बोलणार आहें तेव्हां ऐका.

प्रथम गामाविषयीं. त्याला मी "गामा" असें एकेरी म्हणणार आहें आणि आंदळकरांना "गणपतराव". यांत पक्षपात कोणी शोधूं नये. आईला आणि विठोबाला मराठी माणूस एकेरीच हांक मारतो; फार मोठ्या झालेल्या नांवालाहि तोच मान मिळतो.

गामाचें खरें नांव गुलाम महंमद. जन्म १८७८ चा, अमृतसरकडचा, घराणें मल्लांचेंच. दतिया संस्थानानें त्याला लहानपणीं आश्रय दिला, पुढें पतियाळाच्या महाराजांनीं दिला. तो रोज किती हजार बैठका काढी आणि किती शेर दूध पिई, याचे आंकडे प्रत्येक सांगणाऱ्याच्या तोंडीं वाढत जातात. ते मी सोडून देतों. त्याची उंची मात्र बेताची, साडेपांच फुटांहून थोडी अधिक, आणि वजन ऐन भरांत सुमारें नव्वद किलो. रहीमबक्ष सुलतानीवाला हा जवळजवळ सात फूट उंचीचा मल्ल त्याच्याशीं अनेकदां बरोबरींत सुटला आणि अखेर अलाहाबादेस हरला. १९१० सालीं गामा व त्याचा भाऊ इमामबक्ष हे आणखी दोघां मल्लांसह विलायतेस गेले. तेथें गामाची उंची पाहून त्याला मुख्य चढाओढींत घेईनात. तेव्हां त्यानें उघड आव्हान दिलें, आणि अमेरिकन मल्ल डॉक्टर रोलर याला लागोपाठ दोनदां चीत करून आपली वाट मोकळी करून घेतली. साऱ्या हयातींत त्याला कोणी चीत केल्याची नोंद नाहीं. १९६० च्या मे महिन्यांत तो लाहोरास वारला.

त्याच १९६० सालीं गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. हा केवळ योगायोग, पण लक्षांत ठेवण्याजोगा. सांगली जिल्ह्यांतल्या शिराळा तालुक्यांतलें पुनवत हें त्यांचें गांव, जन्म १९३५ चा, विद्या कोल्हापूरची. १९६२ सालीं जकार्ता येथें आशियाई खेळ झाले. त्यांत ९७ किलोंवरच्या सर्वांत जड गटांत त्यांनीं ग्रीको-रोमन पद्धतीच्या कुस्तींत सुवर्णपदक आणि मुक्त पद्धतीच्या कुस्तींत रौप्यपदक मिळविलें. तेथेंच कवठेपिरानच्या मारुती माने यांनीं ९७ किलोंच्या गटांत मुक्त पद्धतीचें सुवर्ण व ग्रीको-रोमनचें रौप्य आणलें. म्हणजे एका जिल्ह्याच्या दोघां शेतकरीपुत्रांनीं दोन सुवर्णपदकें आणि दोन रौप्यपदकें घरीं आणलीं. १९६४ सालीं गणपतराव टोकियोच्या ऑलिंपिकला गेले; त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. पुढें कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे वस्ताद म्हणून त्यांनीं आयुष्य वेंचलें. २०१८ च्या सप्टेंबरांत ते गेले.

आतां वादाकडे वळूं. कांहीं सुशिक्षित मंडळी म्हणतात, "यांत वाद कसला? खेळाडू दिवसेंदिवस सुधारत जातो, म्हणून नंतरचा तो श्रेष्ठ." धांवण्याच्या बाबतींत हें बरोबर आहे, कारण तेथें घड्याळ आहे, १९१० सालचा सेकंद आणि आजचा सेकंद सारखाच. कुस्तींत घड्याळ निकाल देत नाहीं, समोरचा माणूस देतो. आणि समोरचीं माणसें कोणत्या काळीं अधिक होतीं? गामाच्या काळीं संस्थानिकांच्या पदरीं मल्ल असत, तालमी त्यांच्या खर्चानें चालत. ज्या गर्दींतून वर यावयाचें ती गर्दी मोठी होती. गणपतराव वयांत आले तोंवर कोल्हापूर संस्थान १९४९ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें होतें. मल्लाचा खुराक जत्रेच्या मैदानांवर, तिकिटावर आणि गांवच्या वर्गणीवर आला होता. तेव्हां नंतर जन्मला म्हणून गणपतरावांस अधिक मिळालें, असें म्हणण्यास मी तयार नाहीं. उलट त्यांना कमी मिळालें आणि त्यांतून त्यांनीं अधिक काढलें.

माझ्या मतें खरी गोम आहे ती जमिनींत. हें मीं पुस्तकांतून नव्हे, चिंचणीच्या किनाऱ्यावर पाहिलें. शाळेच्या पटांगणावर शंभर पावलांच्या शर्यतींत नेहमीं पहिला येणारा एक सडपातळ मुलगा होता. सहलीला आम्ही चिंचणीस गेलों तेव्हां मुलांनीं तीच शर्यत भरतीच्या वरच्या अंगाला, कोरड्या भुसभुशीत वाळूंत लावली. तारापूरच्या एका मांगेल्याच्या पोरानें त्याला दहा-बारा पावलांनीं मागें टाकलें. मग ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर पुन्हां धांवलीं तों सडपातळ मुलगा पुढें! मुलें तींच, अंतर तेंच, दुपार तीच. वाळू तेवढी बदलली.

मल्लविद्येंत याचा सर्वांत मोठा दाखला खुद्द गामाच्याच चरित्रांत आहे. १९१० च्या सप्टेंबरच्या १० तारखेस लंडनला पोलंडचा स्टानिस्लाउस झ्बिस्को त्याच्यासमोर आला. झ्बिस्को गामाहून बराच जड. सलामी झाल्यावर थोड्याच वेळांत तो गादीवर पालथा पडला आणि तसाच चिकटून राहिला. गामा वरून ओढतो, उलथवूं पाहतो. तो आपला हातपाय पसरून गादीला धरून आहे. दोन तास पस्तीस मिनिटें हा प्रकार चालला आणि कुस्ती बरोबरींत सोडविण्यांत आली. पुढल्या आठवड्यांत, १७ तारखेस, पुन्हां लढावयाचें ठरलें होतें. झ्बिस्को फिरकलाच नाहीं, म्हणून पट्टा गामाला मिळाला. अठरा वर्षांनीं, १९२८ च्या जानेवारींत, पतियाळास तेच दोघे परत भिडले. या वेळीं खालीं आपल्याकडची खणून मोकळी केलेली माती होती. दोघेहि पन्नाशीच्या घरांत आलेले. म्हणजे वय झालें असेल तर दोघांचेंहि सारखेंच झालेलें. एक मिनिट पुरें होण्याच्या आंत झ्बिस्को चीत झाला. जो माणूस गादीवर अडीच तासांत उलथला नाहीं तो मातींत मिनिटभरहि टिकला नाहीं. झ्बिस्को लंडनला भित्रा होता आणि पतियाळास शूर, म्हणून असें झालें काय? नव्हे. गादीवर पालथें पडून बचाव करतां येतो. मऊ मातींत गुडघा रुततो, पाय उचलावयास क्षणभर उशीर होतो, आणि तो क्षण गामासारख्याला पुरेसा असतो.

याची उलट बाजू आपल्या खाशाबा जाधवांनीं भोगली. गोळेश्वरच्या मातींत वाढलेला हा मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत प्रथमच गादीवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षें गादीच्या नियमांचा सराव केल्यावर १९५२ सालीं हेलसिंकीस त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र हिंदुस्थानाला एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. अंगांतलें बळ चार वर्षांत दुप्पट झालें नव्हतें. पायाखालच्या गोष्टीची ओळख झाली होती. आजहि महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत माती आणि गादी असे दोन विभाग करावे लागतात आणि दोहींचे विजेते मग एकमेकांस भिडतात, तें उगाच नव्हे.

आतां जकार्ताचें यश पुन्हां पाहा. ग्रीको-रोमन कुस्तींत कमरेखालीं हात लावावयास बंदी असते. पायांनीं अडविणेंहि निषिद्ध. पट काढणें नाहीं, ढाक नाहीं, टांग नाहीं. आपल्या मातींतल्या मल्लाच्या भात्यांतले निम्मे बाण काढून घ्यावे आणि मग त्याला म्हणावें, जा, लढ. अशा रीतीच्या कुस्तींत गणपतरावांनीं सुवर्ण जिंकलें. यावरून त्यांच्या छातीचें, दंडांचें आणि मनगटांचें अनुमान मी करतों. आणि त्याहून अधिक त्यांच्या बुद्धीचें करतों. परक्याच्या जमिनीवर, परक्याच्या नियमांनीं, परक्या पंचांपुढें उतरून जिंकण्याची परीक्षा गणपतराव उत्तीर्ण झाले. गामाला त्या परीक्षेचा कागद पुरा सोडविण्याची संधि झ्बिस्कोनें दिली नाहीं.

कागलकराला एवढें ऐकून आनंद झाला असेल. त्यानें थोडें थांबावें.

त्या पोरगेल्या गड्याच्या प्रश्नाचें उत्तर मध्येंच देऊन टाकतों, कारण शेगड्या त्यानें वेगळ्या केल्या, गामानें नव्हे. गामा फाळणीनंतर लाहोरास राहिला हें खरें. १९४७ च्या दंगलींत त्यानें शेजारच्या हिंदु कुटुंबांना पाठीशीं घातलें, असें सांगतात. पण मी तेथवर जातच नाहीं. मी कोल्हापुरास जातों. १९०२ सालीं शाहू महाराज विलायतेस गेले, तेव्हां रोमचा जुना आखाडा त्यांनीं पाहिला. मध्यें हौदा, भोंवतीं चढत गेलेली बैठक, सर्वांत मागच्या माणसालाहि मल्लाचे पाय दिसावे अशी रचना. त्या धर्तीवर त्यांनीं खासबाग मैदान बांधविलें आणि १९१२ सालीं तें पुरें झालें. उद्घाटनाची कुस्ती कोणाची? इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष म्हणजे गामाचा सख्खा भाऊ, त्याच्याबरोबर विलायतेस गेलेला. महाराजांनीं उत्तरेचे मल्ल मुद्दाम आणविले, आपल्या पोरांना त्यांच्याशीं भिडविलें, त्यांचे पेंच शिकविले. ज्या खासबागेचा अभिमान कागलकर बाळगतो तिच्या मातींत गामाच्या घराण्याचा घाम पहिल्याच दिवशीं पडला आहे. गणपतराव त्या परंपरेचे. तेव्हां ही कुस्ती परक्याशीं नाहीं. एकाच तालमीच्या दोन पिढ्यांची आहे. तालमींत वस्ताद आणि पठ्ठा रोज भिडतात. त्यावरून कोणी शेगडी वेगळी करीत नाहीं.

म्हणून माझी कुस्ती मी खासबागेंतच लावतों. अटी सांगतों. गामा १९१० चा, बत्तीस वर्षांचा. गणपतराव १९६२ चे, सत्तावीस वर्षांचे. माती तांबडी, चाळलेली, तींत तेल, हळद, ताक आणि लिंबू घालून मुरविलेली. कुस्ती निकाली, वेळेचें बंधन नाहीं, गुण नाहींत. दोन्ही खांदे टेकले म्हणजे संपली. पंच कोल्हापूरचा नको आणि पंजाबचाहि नको. आमच्या पालघरचा एखादा चालेल, त्याला दोघांचेंहि कांहीं देणें लागत नाहीं.

हलगी कडाडते. दोघेहि हौद्याची माती कपाळाला लावतात. शड्डू ठोकतांना गणपतराव उंच आणि रुंद दिसतात, गामा आंखूड आणि जाड; ज्यांनीं गामाचें नांव ऐकलेलें नाहीं ते खेडूत मनांत म्हणतात कीं ही जोड चुकीची लागली. सलामी होते. गामाची रीत पहिल्या झटक्यांतच काम संपविण्याची. पतियाळास त्यानें तेंच केलें. तो पट काढावयास खालीं शिरतो. येथें रोलर पडला असता. गणपतराव पडत नाहींत, कारण त्यांनीं पाय मागें घेतलेला आहे आणि वरून गामाच्या मानेवर व दंडावर त्यांची मिठी बसली आहे. कमरेवरच्या मिठीनें जकार्ता जिंकणारा माणूस तो. गामाला प्रथमच जाणवतें कीं याच्या दंडांचें बळ आपल्या ओळखीचें नाहीं. खडाखडी लांबते. पहिलीं दहा मिनिटें माझ्या हिशेबीं गणपतरावांचीं. एकदां ते गामाला खालीं घेतात, सवारी भरतात; गामा गुडघ्यांवरून असा फिरतो कीं वरचा माणूस क्षणांत समोर येतो. मैदान उठून उभें राहतें.

पण माती आतां आपलें काम करूं लागली आहे. ९७ किलोंहून अधिक वजन मऊ मातींत वाहून नेणें आणि नव्वद किलो वाहून नेणें यांत दर पावलाला थोडासा फरक. पंधरा मिनिटांत अशीं पावलें किती झालीं! गणपतरावांचा दम तोकडा, असें मी म्हणत नाहीं. मातींतल्या लांब कुस्त्या तेहि लढले होते. परंतु लंडनला दोन तास पस्तीस मिनिटें जो एकसारखा हल्ला करीत राहिला, विश्रांति न घेतां आणि पवित्रा न सोडतां, त्याच्या दमाची बरोबरी करणारा पुरावा मला दुसऱ्या कोणाविषयीं सांपडत नाहीं. झ्बिस्को अडीच तास पडून होता. गामा अडीच तास काम करीत होता. अर्ध्या तासाच्या सुमारास गणपतरावांचा उजवा पाय मातींतून निघावयास किंचित् उशीर होतो. किंचित् म्हणजे किती? वर्गांत मुलांनीं विचारलें असतें तर मीं टाळी वाजवून दाखविली असती. त्या टाळीच्या अवकाशांत गामा पुन्हां खालीं शिरतो, आणि या खेपेस पट निघतो. गणपतराव एका खांद्यावर पडतात. दुसरा खांदा ते बराच वेळ वर धरून ठेवतात. इतका वेळ कीं मैदानांत हलगी थांबते. मग तोहि टेकतो.

माझा निवाडा हा असा: खासबागेंत, मातींत, निकाली कुस्तींत गामा, परंतु अर्ध्या तासाच्या आंत नाहीं, आणि सोपेपणानें तर मुळींच नाहीं. काशीकरानें पेढे वांटावे अशी ही कुस्ती नाहीं. त्यानें फार तर दोघांसाठीं चहा मागवावा.

आणि कागलकराला न्याय देण्यासाठीं दुसरी कुस्ती मी लगेच जाहीर करतों. ती जकार्तास, गादीवर, ठराविक मिनिटांची, गुणांवर. प्रथम मुक्त पद्धतीची. गामा पूर्वींच्या कॅच पद्धतीच्या गादीवर लढला होता. पण मिनिटांची बेरीज करून, गुण जपून, पुढें असतां मागें सरावयाचें हें तंत्र त्याच्या स्वभावांत नव्हतें. येथें गणपतराव एक-दोन गुणांनीं जिंकतील असें मला वाटतें. निकाल वर्तमानपत्रांत वाचून गामाला तो कसा लागला हें कळणारहि नाहीं. मग ग्रीको-रोमन. पंच पहिल्याच मिनिटाला गामाला दोनदां थांबवितील, कारण त्याचा हात संवयीनें पायाकडे जाईल. तिसऱ्या खेपेस तो हात वर घेईल आणि प्रथमच नुसत्या छातीनें व दंडांनीं लढूं लागेल. समोर गणपतराव त्याचीच वाट पाहत उभे असतील. त्या कुस्तीचें तिकीट मी आगाऊ काढून ठेवलें आहे, आणि माझी जागा गणपतरावांच्या बाजूला आहे.